डावं कोपर आणि लॉकआउट (वर नेलेला हात पूर्ण सरळ होणं) - माझा अनुभव

केटलबेल म्हणजे हँडल असलेला लोखंडी गोळा, आणि स्नॅच म्हणजे तो एका हाताने, एका ओढीत डोक्यावर नेणं. स्पर्धेत त्याला १० मिनिटं असतात, बेल खाली ठेवायची नाही, हात फक्त एकदाच बदलायचा. हे सगळं मला माहीत होतं, मी १६ किलोच्या बेलवर सहा महिने तयारी केली होती. जे माहीत नव्हतं ते म्हणजे वर गेलेली बेल आणि मोजलेली बेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या स्पर्धेत उजव्या हाताचे रेप्स (बेल एकदा वर नेली की एक रेप) नीट मोजले गेले. पाचव्या मिनिटाला हात बदलला आणि जजचा आवाज सुरू झाला, नो काउंट, नो काउंट, म्हणजे हा रेप धरला नाही. एकदा हात बदलला की परत उजव्यावर येता येत नाही, त्यामुळे उरलेली पाच मिनिटं डाव्यानेच काढायची होती आणि काउंटर जवळजवळ हलतच नव्हता. माझ्या हिशोबाने १३० च्या आसपास झाले होते, बोर्डवर ९७. न मोजलेल्या रेपलाही दम तेवढाच लागतो हो, बेल काही हलकी होत नाही. खूप रडले त्या दिवशी.

कारण दोन होती आणि मला आधी एकच दिसत होतं. लहानपणी माझं डावं कोपर मोडलं होतं, ते पूर्ण सरळ होत नाही, थोडा बाक राहतोच. जजला लांबून ते वाकलेलंच दिसणार, त्याची काही चूक नाही. नियमात यासाठी सोय आहे, कोपर मुळातच सरळ होत नसेल तर सेट (ती दहा मिनिटं) सुरू व्हायच्या आधी जजला सांगायचं, दाखवायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही नियम वाचले नव्हते. सेट चालू असताना ओरडून सांगण्यात काही अर्थ नसतो.

दुसरं कारण मला शिकवणाऱ्या सरांनी व्हिडिओ दाखवला तेव्हा कळलं. मी वर थांबतच नव्हते. फिक्सेशन म्हणजे बेल डोक्यावर, हात सरळ, गुडघे सरळ, अंग सरळ आणि बेल थांबलेली, हे सगळं एकाच क्षणी जजला दिसलं पाहिजे. किती सेकंद असं काही नाही, पण थांबलेली दिसली पाहिजे, आणि माझी बेल वर पोचायच्या आधीच खाली यायला लागायची. शिवाय थकल्यावर बेल कपाळाच्या उंचीवर अडकायची आणि शेवटचा भाग मी खांद्याने ढकलून पुरा करायचे, म्हणजे प्रेसआउट. तेही मोजत नाहीत, आणि बरोबरच आहे, कारण स्नॅच म्हणजे एका ओढीत वर. बेल वर थांबवण्याचा ताबा नसेल तर तो रेप झालाच कुठे? मला हा नियम आता मनापासून पटतो.

मग तीन महिने बेलचं वजन कमी केलं, १२ किलोच्या बेलवर आले. सर म्हणाले, प्रत्येक रेप वर गेला की मनात "थांबली" म्हणायचं आणि मगच सोडायची. सुरुवातीला मिनिटाला १० सुद्धा होईनात, फार वाईट वाटायचं. पण हळूहळू लक्षात आलं की वर थांबणं हा खर्च नाही, तिथेच श्वास मिळतो. हात खांद्याच्या बरोबर वर आला की वजन हाडांवर बसतं, पकड सैल करता येते, बोटं मोकळी होतात, एक पूर्ण श्वास जास्तीचा घेता येतो. मी जे वाचवायला घाईघाईने बेल खाली आणत होते तेच घालवत होते, माझी ग्रिप सातव्या मिनिटाला संपायची ती यामुळेच. पाठीचा वरचा भागही आखडलेला होता, तो मोकळा करायला रोज वेळ दिला, कारण पाठ उघडली नाही तर बेल पुढेच लटकते. आणि हात हँडलमध्ये लवकर घालायचा, म्हणजे बेल मनगटावर आपटत नाही आणि ओढीतच हात सरळ होतो.

दुसऱ्या स्पर्धेला, स्पर्धेआधी खेळाडूंचं वजन करतात तेव्हाच, मुख्य जजकडे गेले. दोन्ही हात वर करून दाखवले, डावा जमेल तेवढा ताणला. त्यांनी बाजूने पाहिलं, कोपर हाताने चाचपलं, माझ्या प्लॅटफॉर्मच्या जजला बोलावून त्यालाही दाखवलं. दोन मिनिटांचं काम. फक्त एवढं बजावलं की हा बाक चालेल, पण थांबणं दिसलंच पाहिजे.

१६ किलो, उजव्याने ६२, मग हात बदलला. डाव्याचा पहिला रेप वर थांबवला आणि कान जजकडे लागले. त्याने आकडा म्हटला, ६३. पुढे नवव्या मिनिटाला दोन नो काउंट आले, दोन्ही वेळा मी खरंच घाई केली होती. एकूण ११६ झाले. त्यानंतर प्रत्येक स्पर्धेत, जज ओळखीचा असला तरी, मी वजनाच्या वेळी जाऊन कोपर दाखवतेच.