दळपाला कोण जाणार?

आमच्या घरात कुठली शाखा किती अवघड, हे गव्हाच्या डब्यावरून ठरायचं.

डबा पत्र्याचा, पंधरा किलो तेलाचा. त्याला आप्पांनी स्वतः कडी बसवलेली. रविवारी सकाळी आई तो भरून उंबऱ्याजवळ ठेवायची आणि कुणाकडंही न बघता विचारायची, "दळपाला कोण जाणार?" (पुण्याकडं दळण म्हणतात. आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, दळप.) प्रश्न सगळ्यांना असला तरी उत्तर एकच होतं. दादा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला, त्याचं सबमिशन. ताई सी.ए. करत होती, तिची आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या ऑफिसातली उमेदवारी, आणि वर पहाटेचा अभ्यास. मी बी.ए., मराठी घेऊन.

"तुला काय, गोष्टी तर वाचायच्या," आई म्हणायची. मग मी डबा उचलून गिरणीची वाट धरायचो. रांगेत डबे आपापल्या मालकांपेक्षा शिस्तीत उभे असायचे. पिठानं पांढऱ्या भुवया झालेला गिरणीवाला विचारायचा, "काय, कॉलेज नाही वाटतं?" रविवारी कुणालाच नसतं. पण प्रश्न मलाच.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. सबमिशन म्हणजे काय, हे घरात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, कारण बल्ब मी धरायचो. समोरासमोर दोन खुर्च्या, त्यांच्यावर खिडकीची काढलेली काच, काचेवर मित्राची पुरी झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर दादाची कोरी शीट आणि काचेखाली शंभराचा बल्ब घेऊन बसलेला बी.ए.चा विद्यार्थी. खालच्या रेघा वरच्या कागदावर उमटतात आणि पेन्सिल त्यांच्यावरून जाते. याला जी.टी. मारणे म्हणतात. जी.टी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. इंजिनिअरिंग झालेल्या कुणालाही विचारा, आधी नाही म्हणेल, मग हसेल.

एकदा दादानं अशी रात्रभर बसून प्लमर ब्लॉकची, म्हणजे फिरत्या शाफ्टला आधार देणाऱ्या ठोकळ्याची, शीट पुरी केली. सकाळी कामावर निघालेले आप्पा तिच्यापाशी थबकले. आप्पा सातवी पास, उद्यमनगरात टर्नर. तीस वर्षं लेथवर उभे. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "ह्यो शाफ्ट ह्या बुशात जाणार कसा? भोकापरीस शाफ्ट मोठा हाय की."

दादानं मापं पाहिली. खरंच मोठा होता. ज्या मित्राची शीट होती त्यानं दुसऱ्याची मारली होती, दुसऱ्यानं तिसऱ्याची. आत न जाणारा तो शाफ्ट अख्ख्या वर्गात फिरून आमच्या घरी मुक्कामाला आला होता. दादानं रबर घेतला. आप्पा बशीतला उरलेला चहा पिऊन कामावर गेले.

यावरून इंजिनिअरिंग सोपं असतं असं मी म्हणणार नाही, आप्पा मात्र म्हणायचे. त्यांचं एक पालुपद होतं: बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेलते? आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे कोल्हापूरचे नात्यातले भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे, म्हणून पेंटर. सिनेमाचा कॅमेरा स्वतःच करायचा असं त्यांनी डोक्यात घेतलं. आनंदराव १९१६ साली वारले, बाबूरावांनी काम पुरं केलं आणि १९२० साली त्या कॅमेऱ्यानं काढलेला चित्रपट लोकांना दाखवला. चित्रकार, शिल्पकार, यंत्रकार, दिग्दर्शक, सगळं एकच माणूस. आप्पा हे सांगायला लागले की दादा हळूच पुस्तकात तोंड घालायचा. अशा माणसाशी तुलना म्हणजे भांडण हरल्यातच जमा.

दादाची खरी अवघड गोष्ट एकच होती: एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. तो त्याचा दोनदा राहिला. महाराष्ट्रात यासाठी ए.टी.के.टी. अशी एक दयाळू सोय आहे. विषय राहिला तरी पुढच्या वर्षात बसायला मिळतं. तोंडी भाषेत नुसती केटी. 'त्याला एम-थ्रीची केटी लागली' हे वाक्य आमच्या गल्लीत 'त्याला कावीळ झाली' याच सुरात बोललं जायचं. एका रात्री त्यानं मला लाप्लास ट्रान्सफॉर्म समजावून सांगितला. मी विचारलं नव्हतं. तोच समजून घेण्यासाठी मला सांगत होता. डिफरन्शियल इक्वेशन सरळ सुटत नाही, म्हणून त्याचं रूप बदलून ते बीजगणितात न्यायचं, तिथं सोडवायचं आणि उत्तर परत मूळ रूपात आणायचं.

"हे तर भाषांतर झालं की," मी म्हणालो.

"म्हणून तर येत नाही मला," दादा म्हणाला.

मेडिकलचं मी फार सांगू शकत नाही. शेजारच्या काकूंचा मुलगा मिरजेला एम.बी.बी.एस. करत होता. कोल्हापुरात तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. पहिल्या वर्षी तो सीनियरकडून घेतलेला हाडांचा सेट पिशवीत भरून रेल्वेनं घरी आला, आणि त्याच्या आज्जीनं पिशवीला उंबरा ओलांडू दिला नाही. सुट्टीभर तो जिन्यात बसून पाठ करायचा. शरीरात हाडं २०६, त्यांतली १०६ नुसती मनगटापासून पुढच्या दोन हातांत आणि घोट्यापासून खालच्या दोन पावलांत, एकेका मनगटात आठ. मी एकदा विचारलं, यात समजायला अवघड काय आहे? तो म्हणाला, "काहीच नाही. सगळं समजतं. फक्त संपत नाही." त्याला दळपाला कुणी धाडत नव्हतं हे वेगळं सांगायला नको. आज्जी त्याला हात धुतल्याशिवाय पाण्याच्या हंड्यापाशीही जाऊ देत नव्हती.

माझ्या वर्गातला एक मित्र राधानगरीकडचा, इथल्या एका बोर्डिंगात राहणारा. शाहू महाराजांनी १९०१पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, त्यामुळं कोल्हापूर हे बाहेरून शिकायला आलेल्या पोरांचं गाव. हा गडी हुशार, बारावी सायन्स. बी.एस्सी.ला नाव घातलं होतं आणि पहिलं वर्ष गावाकडनं येऊन-जाऊन करत होता. सायन्सला प्रॅक्टिकल असतं आणि ते पाच-साडेपाचपर्यंत चालतं. तोवर त्याच्या गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. दोन-तीन रात्री स्टँडवर काढल्यावर पुढच्या वर्षी तो आर्ट्सला आला. आमची लेक्चरं साडेअकराला संपायची. नंतर बोर्डिंगात जागा मिळाली, पण तोवर शाखा बदलून झाली होती. घरून जेवणाचा डबा एस.टी.नं यायचा, कंडक्टरच्या हाती. कधी डबा यायचा, कधी नुसती गाडी. कोण काय घेऊन शिकतंय यावर आम्ही वाद घालायला लागलो की तो म्हणायचा, "भावा, शाखा कुठलीच अवघड न्हाई. एस.टी. अवघड हाय." आर्ट्सला सोप्पं म्हणून पोरं येतात, असं अजून कुणी म्हणालं की मला त्याचा फिजिक्समधला मार्क आठवतो.

आता माझं. खरं सांगायचं तर आई चुकत नव्हती. बी.ए. पास होणं सोपं होतं. पासिंगला पस्तीस लागायचे. महाद्वार रोडवर गाईड मिळायचं. पहिली दोन वर्षं मी परीक्षेआधी आठ दिवस ते वाचून काढली. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास. आम्हाला त्यातला एक अध्याय नेमलेला, आणि तोही मी गाईडात वाचलेला. म्हणजे ज्ञानेश्वरीचीही मी जी.टी.च मारली होती. फरक एवढाच की माझ्या काचेखाली बल्ब धरायला कुणी लागत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी भाषाविज्ञानाचा पेपर आला. सरांनी फळ्यावर 'जरा' एवढाच शब्द लिहिला आणि वाचायला सांगितला. सगळे म्हणाले, जरा, म्हणजे थोडं. सर म्हणाले, आता म्हातारपण या अर्थानं वाचा. वाचलं. जीभ दुसरीकडं लागली. एकच अक्षर, ज वेगळा. चाकातला च आणि चारातला च, तसंच. आयुष्यभर आम्ही हे बोलत होतो, चुकतही नव्हतो, आणि वर्गातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. लिपी हा फरक दाखवत नाही. मग लहान मूल तो शिकतं कसं? हे दोन वेगळे स्वनिम, म्हणजे अर्थ बदलणारे ध्वनी, मानायचे की एकाच स्वनिमाची दोन रूपं? मी आठवडाभर गिरणीच्या रांगेत जीभ टाळूला लावून 'ज' म्हणत उभा असायचो. गिरणीवाल्यानं ते बघितलं आणि प्रश्न विचारणं बंद केलं.

तेव्हा पहिल्यांदा मला माझी शाखा अवघड वाटली, आणि का ते कळायलाही वेळ लागला. दादाला सबमिशनची तारीख होती, व्हायव्हा होती, बाहेरून येणारा परीक्षक होता. जिन्यातल्या डॉक्टरला हाडं मोजून विचारणारं कुणीतरी होतं. अवघड शाखा पोराची मानगूट धरून ठेवते. माझी मानगूट कुणीच धरली नव्हती. मी ज्ञानेश्वरीचा पुढचा अध्याय वाचला काय आणि रंकाळ्यावर बसून भेळ खाल्ली काय, निकालात फरक पडणार नव्हता. पास होणं जिथं सोपं असतं, तिथं चांगलं होण्यासाठी सांगणारं कुणी नसतं, आपणच आपल्याला सांगायचं. एकोणीस वर्षांच्या पोराला दुसऱ्याचं ऐकायला जमत नाही, स्वतःचं काय ऐकणार? त्या वर्षी मी थोडं ऐकलं. आधीची दोन वर्षं गेली ती गेलीच.

हे सगळं मी एका रात्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर बोलून दाखवलं. रात्रीचं जेवण झाल्यावर आम्ही तिघं भावंडं कधीकधी तिथं जायचो. म्हशी ओळीनं उभ्या असतात, समोर धार काढतात, फेसाळलेला पेला हातात. दादा म्हणाला, "तुझं दुखणं सुखाचं आहे, एम-थ्रीला बस एकदा." मी म्हणालो, "तू जरा म्हणून दाखव." तो म्हणाला, "जरा गप्प बस." ताई काहीच म्हणाली नाही. तिनं पैसे दिले. तिघांत कमावती तीच, आर्टिकलशिपचे महिन्याला काही शे रुपये. घरच्या वादात ती कधी पडत नसे. आम्हीही तिला कधी विचारलं नाही की तुझं किती अवघड आहे. ती पहाटे चारला उठायची, दिवा लावायची, साडेनऊला डबा घेऊन ऑफिसला जायची, संध्याकाळी सातला यायची. तिच्या शाखेत आम्हाला दिसण्यासारखं काही नव्हतं. शीट नव्हती, हाडं नव्हती.

सी.ए.चा नियम साधा आहे. प्रत्येक पेपरात निदान चाळीस आणि ग्रुपच्या सगळ्या पेपरांत मिळून पन्नास टक्के. एकट्या पेपराला घाबरून चालत नाही आणि एकट्याच्या जोरावर निघताही येत नाही. ताई फायनलच्या पहिल्या ग्रुपला तिसऱ्यांदा बसली होती. आधीच्या वेळी सगळ्या पेपरांत चाळीसच्या वर होते, पण चार पेपरांची बेरीज दोनशेला पोचली नव्हती. या वेळी चारांत मिळून दोनशे सव्वीस झाले. एका पेपरात एकोणचाळीस.

निकाल कळला तो दिवस रविवारचा नव्हता. दळपाचा वारही नव्हता. ताईनं आकडे कागदावर लिहिले, दोनदा बेरीज केली, कागदाची घडी घालून वहीत ठेवली. मग स्वयंपाकघरात गेली, कोठीतून डब्यात गहू भरले आणि म्हणाली, "मी जातो दळपाला." (आमच्याकडं मुलीही 'मी जातो' म्हणतात. बाहेरच्यांनी दचकू नये.) आई म्हणाली, "अगं, आहे की पीठ." ताई डबा घेऊन निघून गेली. मी चप्पल घालत होतो, आप्पांनी हातानंच थांबवलं.

गिरण दोन गल्ल्या पलीकडं. ती दीड तासानं आली. डबा ओट्यावर ठेवला, हातपाय धुतले आणि झोपली. संध्याकाळी आईनं कणीक मळायला डबा उघडला, तर आत ज्वारीचं पीठ. कडीसुद्धा आप्पांनी केलेली नव्हती. कुणाचा तरी डबा ती उचलून घेऊन आली होती.

आईनं झाकण परत लावलं. मला खुणेनं बाहेर बोलावून म्हणाली, "गिरणीत जाऊन सांग, चुकून बदललाय, उद्या देतो म्हणावं." मग आत जाऊन तिनं परात घेतली. त्या रात्री आम्ही भाकरी खाल्ली. ताईनं ताटाकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि दुसरी मागून घेतली. कुणी काही बोललं नाही. दादासुद्धा.

मेच्या परीक्षेत तिचा ग्रुप निघाला. त्या रविवारी आई पेढ्यांचा बॉक्स घेऊन गल्लीत वाटायला गेली होती, आणि डबा नेहमीसारखा उंबऱ्याजवळ होता.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी डबा उचलला.