शून्याला खरा, पस्तीसला खोटा

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधी कोपऱ्यातला हॅमर रुसला. तीन तोंडांचा हा प्रवाळ एरवी दिवे लागले की तासाभरात मुठीएवढा फुगायचा, पाण्याबरोबर डुलत बसायचा. एका आठवड्यात त्याचं अंग इतकं आत ओढलं गेलं की खालच्या सांगाड्याच्या पांढऱ्या कडा उघड्या पडल्या. मग झोआंथिडची वसाहत मिटली, बोटं दुमडून घ्यावीत तशी. लेदर नावाच्या मऊ प्रवाळावर मेणचट साय धरली. पण लेदर अधूनमधून कात टाकतोच, त्यामुळे त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं.

क्लाउनफिशची जोडी मात्र ठणठणीत. दोघंही खायला दिसलं की काचेवर धडका मारायचे. मासे बरे आहेत म्हणजे पाणी बरंच असणार, हा माझा पहिला निष्कर्ष. पहिला आणि चुकीचा.

टाकी ७५ लिटरची, साडेतीन वर्षं जुनी. एवढ्याशा पाण्यात काहीही बिघडलं तरी ते झपाट्याने बिघडतं, हे ठाऊक असल्यामुळे मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं: हाताला लागेल ते बदलत सुटलो. महिन्याभरापूर्वी एलईडीचा जोर थोडा वाढवला होता, तो उतरवला. दहा दिवस वाट पाहिली, ढिम्म फरक नाही. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५, तापमान २५.५, यात नाव ठेवायला जागा नव्हती. काच घासायच्या चुंबकाला चीर पडून आतलं लोखंड गंजलंय का ते बघितलं, शिवाय पाणी गाळायला नवा कार्बन टाकला. हॅमरला चपटे किडे लागतात आणि ते इतके पारदर्शक असतात की दिवसा दिसत नाहीत, म्हणून रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसलो. शेवटी हॅमर बाहेर काढून आयोडिनच्या पाण्यात बुडवला. खाली पडला एकच केसाळ किडा, आणि तो बिचारा निरुपद्रवी.

दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलतच होतो. नवं पाणी गेल्यावर प्रवाळ निदान दिवसभर तरी खुलायला हवेत. उलट ते आणखी आखडायचे. इथेच थांबून विचार करायला हवा होता.

गाडी अडली होती कॅल्शियमवर. टेस्ट किट दाखवत होतं ४७५, मॅग्नेशियम १४७०. मी वेगळं कॅल्शियम घालतच नाही. जे काही येतं ते टाकीचं पाणी कालवायच्या समुद्री मिठातून. मिठाच्या डब्यावर लिहिलंय, खारटपणा ३५ (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) असताना कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३००. मी किटलाच दोष दिला. जुनं झालं असेल, थेंब नीट पडले नसतील, रंग नेमका कधी पालटला ते माझ्या डोळ्यांना कळलं नसेल.

सुचलं ते भलत्याच वेळी, पंपाचं पातं घासत असताना. हात पुसले आणि भागाकार केला. ४७५ भागिले ४२०. १४७० भागिले १३००. दोन्हीकडे उत्तर १.१३. दोन निराळी किट, दोन निराळी रसायनं, आणि दोन्ही बरोब्बर तेराच टक्के चुकतात? किट चुकत नव्हती. पाण्यात सगळंच तेरा टक्के जास्त होतं. म्हणजे मीठच जास्त होतं.

पण खारटपणा तर मी दर रविवारी मोजत होतो! पाणी प्रकाश किती वाकवतं त्यावरून खारटपणा सांगणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा पस्तीसच्या रेघेवर. आणि त्याआधी प्रत्येक वेळी आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचा थेंब टाकून शून्यही तपासायचो. शून्य पक्कं होतं. त्यापुढची अख्खी पट्टी वाकडी असू शकते, हे मनातही आलं नाही. वजनाचा काटा रिकामा असताना शून्य दाखवतो, म्हणून तो किलोला किलोच म्हणेल असं थोडंच आहे?

खात्री करायला तयार कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, पण तेवढा धीर नव्हता. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी तोलून मिसळलं. हे मिश्रण प्रकाश तेवढाच वाकवतं जेवढा ३५ खारटपणाचं समुद्राचं पाणी वाकवतं. थेंब टाकला. रेघ ३१ वर. पुसून पुन्हा टाकला. ३१. तिथेच स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणली आणि टाकीतलं पाणी घातलं: चाळिसाला जेमतेम कमी.

आता लाज वाटायचा भाग. हा रिफ्रॅक्टोमीटर चार महिन्यांपूर्वीचा. त्याआधी माझ्याकडे प्लॅस्टिकचा, हलत्या काट्याचा हायड्रोमीटर होता, ज्याला सगळे हसतात. तो १.०२६ घनता, म्हणजे साधारण पस्तीसच, दाखवायचा आणि प्रवाळ टुमटुमीत होते. त्याचा काटा निखळला, मी हे 'खरं' उपकरण आणलं, आणि त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की पाणी ३१ आहे. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं असतं. मी दोन आठवडे मुद्दाम खारं घातलं आणि खारटपणा 'दुरुस्त' केला. नंतरचं प्रत्येक नवं पाणीही त्याच खोट्या पस्तीसला कालवलेलं. औषध म्हणून दर आठवड्याला रोगच पाजत होतो.

मासे का टिकले तेही मग उमगलं. समुद्रातला मासा खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. प्रवाळांना ती सोय नाही, गोगलगाईंनाही नाही. बाहेर जेवढं खारट तेवढंच आत. तांबड्या समुद्राच्या उत्तरेला खारटपणा चाळिसाच्या घरात असतो आणि तिथे प्रवाळ मजेत वाढतात, पण ते पिढ्यान्‌पिढ्या तिथले. माझ्या हॅमरला मी दोन आठवड्यांत तिकडे नेऊन सोडलं होतं. लेक महिनाभर सांगत होती, "बाबा, टर्बो परत उलटी पडलीये." मी दर वेळी ती गोगलगाय सुलटी करून पुढच्या कामाला लागायचो.

खारटपणा उतरवताना घाई केली नाही. एक दिवसाआड पावणेदोन लिटर खारं पाणी काढायचं आणि तेवढंच आरओ पाणी पंपाच्या झोतासमोर सावकाश सोडायचं. एका खेपेला साधारण एक अंक उतरतो. नऊ-दहा दिवसांत पस्तीसला आलो. एलईडी आहे तिथेच ठेवला, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही, आणि हेच सगळ्यात अवघड गेलं.

झोआंथिड सहाव्या दिवशी उघडले. लेदरने साय टाकली, पण पॉलिप, म्हणजे त्याची बारीक तोंडं, अजून अर्धवटच काढतोय. हॅमरची दोन तोंडं पुन्हा फुगतात, पूर्वीइतकी नाही. तिसरं गेलं. त्याचा सांगाडा मी कापला नाही. हर्मिट खेकडा रात्री त्यात जाऊन बसतो. कॅलिब्रेशनची बाटली आता टाकीच्या कपाटात पुढेच ठेवली आहे, उघडल्याची तारीख मार्करने वर लिहून.