तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच पेशीवर चाळीस वर्षं?

२०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रन्काव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना नियामक टी पेशींवरच्या कामासाठी जाहीर झालं, तेव्हापासून हा प्रश्न हमखास येतो. कुणी गंमत म्हणून विचारतं, एम.एस्सी.ची मुलं काळजीपोटी विचारतात: एक माणूस एकाच प्रकारच्या पेशीवर चाळीस वर्षं करतो तरी काय?

तिची ओळख पटवतो. बहुतेक वेळ यातच जातो.

टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सगळ्या सारख्याच दिसतात. गोल, आत गच्च केंद्रक, भोवती बारीकशी कड. जंतूवर तुटून पडणारी कोणती आणि तिला आवरणारी नियामक पेशी, म्हणजे टी-रेग, कोणती, हे डोळ्यांना कळत नाही. त्यात टी-रेगचं काम असं, की ती असताना काहीच घडत नाही. मग ती आहे हे दाखवायचं कसं? काढून टाकायची आणि काय बिघडतं ते बघायचं.

हे पहिल्यांदा हाती लागलं ते अपघातानेच. जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ साली दाखवलं, की उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढली तर मादीची बीजांडकोशं खराब होतात. टी पेशीतला ‘टी’ तो या थायमसचाच. आधी वाटलं, एखादं संप्रेरक कमी पडत असेल. पुढे कळलं, की पिलाच्या स्वतःच्याच टी पेशी बीजांडकोशावर हल्ला करत होत्या.

आता हे उलटं आहे. टी पेशींचा कारखानाच बंद केला, तर हल्ला कमी व्हायला हवा. वाढला कसा?

उत्तर ‘तिसऱ्या दिवशी’ या दोन शब्दांत आहे. जन्मल्याबरोबर ग्रंथी काढली तर टी पेशी जवळपास बाहेरच पडलेल्या नसतात, म्हणून हा आजार होत नाही. सातव्या दिवशी काढली तरी होत नाही. हल्लेखोर पेशी पहिल्या दोन-तीन दिवसांत बाहेर पडतात आणि आवरणाऱ्या थोड्या मागाहून. तिसऱ्या दिवशी दार लावलं की पहिल्या बाहेर आणि दुसऱ्या आत अडकतात. म्हणूनच या प्रयोगात पिलं कधी जन्मली याची नोंद दिवसातून दोनदा ठेवतात. ‘काल किंवा परवा’ असं लिहिलेलं पिंजऱ्याचं कार्ड निरुपयोगी.

शस्त्रक्रिया मिनिटा-दोन मिनिटांची, पण हात बसायला महिने जातात. पिलू दोनेक ग्रॅमचं. बर्फावर ठेवून बधिर करतात, उरोस्थीच्या वरच्या टोकाला छोटा छेद देतात आणि काचेच्या बारीक नळीने थायमसचे दोन पांढरे खंड ओढून घेतात. ओढ जास्त झाली तर फुप्फुसाभोवतीचं आवरण फाटतं आणि पिलू जातं. कमी झाली तर खंडाचा तुकडा मागे राहतो, पेशी तयार होत राहतात आणि तीन महिन्यांनी निरोगी उंदीर बघून आपण चुकीचा निष्कर्ष काढतो. म्हणून शेवटी प्रत्येक उंदराची छाती उघडून तुकडा राहिलाय का ते बघायचं, राहिला असेल तर तो उंदीर मोजणीतून बाद. शिवाय पिलाच्या अंगाला रक्ताचा वास राहिला तर आई त्याला खाऊन टाकते. तेव्हा पुसून, ऊब देऊन मगच परत ठेवायचं. जातही बघावी लागते. बाल्ब-सी उंदरात आजार चांगला दिसतो, सी५७-ब्लॅक-६ मध्ये सहसा दिसत नाही.

साकागुचींनी या प्रयोगाला पुढचा प्रश्न विचारला. थायमस काढलेल्या उंदराला त्याच जातीच्या निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या तर? आजार थांबला. म्हणजे निरोगी अंगात आवरणाऱ्या पेशी असतातच. हे १९८२ च्या सुमाराचं. पण कोणत्या? हातात होतं ते मिश्रण.

आणि नेमका तेव्हाच या विषयाचा बाजार उठला. १९७० पासून ‘सप्रेसर टी पेशी’ नावाने शेकडो लेख निघाले होते. त्या पेशींची खूण म्हणून ‘आय-जे’ नावाचा एक रेणू धरला होता आणि त्याच्या जनुकाची जागाही नकाशावर ठरवून टाकली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डीएनए प्रत्यक्ष तपासला, तर जनुकाला जागाच नाही! सगळा डोलारा कोसळला. पुढची दहा-पंधरा वर्षं ‘सप्रेसर’ शब्द अनुदानाच्या अर्जात लिहायची सोय राहिली नाही. आजही आपण ‘नियामक’ म्हणतो, त्यामागे थोडी ही लाज आहे. नावाचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल, पण खूण खोटी निघाली की तिच्यावरची सगळी मोजमापं खोटी ठरतात.

साकागुचींना नीट धरता येईल अशी खूण १९९५ मध्ये मिळाली: सीडी-२५. हा पेशीच्या पृष्ठभागावरचा, इंटरल्युकिन-२ हा टी पेशींना वाढवणारा निरोप पकडणाऱ्या रिसेप्टरचा एक भाग. उंदराच्या सीडी-४ (टी पेशींच्या एका मोठ्या गटाची खूण) टी पेशींपैकी ५ ते १० टक्क्यांवर तो असतो. तेवढ्या पेशी काढून उरलेल्या, टी पेशी नसलेल्या बिनकेसाच्या ‘न्यूड’ उंदरांना टोचल्या, तर थायरॉईड, जठर, बीजांडकोश अशा एकेका अवयवाला सूज आली. काढलेल्या पेशी वेळेवर परत दिल्या, तर आली नाही.

सीडी-२५ ची अडचण अशी, की चिडलेली कुठलीही टी पेशी ते अंगावर आणते. स्वच्छ जागी वाढलेल्या उंदरात हे चालून जातं. सर्दी होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात घोटाळा होतो.

दुसरी खूण वेगळ्याच वाटेने आली. अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९४९ मध्ये खवलेदार कातडीचे ‘स्कर्फी’ उंदीर जन्मले होते. फक्त नरांना त्रास, आणि तीन-चार आठवड्यांत मृत्यू. ब्रन्काव आणि रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरचा संशयित पट्टा २० जनुकांपर्यंत आणला आणि ती एकेक करून तपासली. दोष विसाव्यात निघाला: डीएनएची दोन अक्षरं जास्तीची. दोन अक्षरं घुसली की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन अर्धवट राहतं. हे जनुक म्हणजे फॉक्स-पी-३. मुलग्यांमधला आयपेक्स हा, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा जीवघेणा आजार याच जनुकाच्या बिघाडाने होतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झालं. २००३ मध्ये साकागुचींच्या गटाने हे जनुक साध्या टी पेशीत घातलं आणि ती आवरण्याचं काम करू लागली.

मग झालं ना? नाही. फॉक्स-पी-३ चं प्रथिन केंद्रकात असतं. ते रंगवायला पेशी फॉर्मल्डिहाइडने पक्की करून तिच्या आवरणाला भोकं पाडावी लागतात, म्हणजे ती मेली. जिवंत टी-रेग वेगळ्या काढायच्या तर पृष्ठभागावरच्या खुणाच हव्यात. माणसात आपण सीडी-४ आहे, सीडी-२५ भरपूर आहे आणि सीडी-१२७ कमी आहे, अशा पेशी घेतो. ही तिसरी अट २००६ पासूनची.

आता हिशोब करा. १० मिली रक्त फायकॉल या दाट द्रवावर ठेवून फिरवलं, की लाल पेशी खाली बसतात आणि वरच्या पट्ट्यात साधारण १ कोटी पांढऱ्या पेशी मिळतात. त्यात सीडी-४ धरा ४० लाख. त्यांच्या ५ टक्के म्हणजे २ लाख टी-रेग. खुणा बघून पेशी वेगळ्या करणाऱ्या सॉर्टर यंत्रातून निम्म्या हाती आल्या तरी नशीब: १ लाख. टी-रेग साध्या टी पेशींचं विभाजन किती रोखतात हे बघणाऱ्या दडपणाच्या चाचणीत ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ५०,००० साध्या पेशी घेतल्या, तर १:१ गुणोत्तराच्या तीन वेललाच दीड लाख टी-रेग लागतात. गणित तिथेच बसत नाही. एकतर ४० मिली रक्त घ्या, नाहीतर वेलला १०,००० वर या. नवी मुलं हे प्लेट भरताना शोधून काढतात.

फायकॉलवरही चुका ठरलेल्या. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायचा, नाहीतर थांबताना थर ढवळून निघतो. फायकॉल फ्रीजमधून काढून लगेच वापरलं तर लाल पेशी नीट खाली बसत नाहीत. रक्त रात्रभर राहिलं तर खाली जायला हव्यात त्या न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपल्या पेशींच्या पांढुरक्या पट्ट्यात येऊन बसतात.

चाचणीत साध्या पेशींना सीएफएसई हा रंग देतात. दर विभाजनाला तो निम्मा होतो, म्हणजे किती वेळा फुटली ते मोजता येतं. रंग जास्त झाला तर पेशी मरतात आणि ‘काय छान दडपण!’ असं वाटतं. उत्तेजन देणारे मणी जास्त पडले तर कुणीच कुणाला आवरू शकत नाही. आणि एक कंट्रोल हमखास विसरला जातो: टी-रेगच्या जागी तितक्याच साध्या पेशी घालायच्या. नुसत्या गर्दीनेही विभाजन मंदावतं.

उपचारासाठी टी-रेग वाढवायच्या तर शे-दोनशे पट वाढेपर्यंत आठवडे जातात. तेवढ्यात चुकून आलेल्या साध्या पेशी जोमाने वाढून मैदान मारतात. त्यांना रोखायला रापामायसिन हे औषध घालतात. अखेरीस शुद्धता बघायची ती फॉक्स-पी-३ जनुकाच्या एका ठरावीक पट्ट्यावर. खऱ्या टी-रेगमध्ये तिथे मिथाइलचे शिक्के (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) नसतात, तात्पुरतं फॉक्स-पी-३ दाखवणाऱ्या पेशीत असतात. आतापर्यंतची सगळ्यात भरवशाची खूण हीच. फक्त जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाईच्या पेशीतला एक एक्स मुळातच बंद आणि शिक्क्यांनी भरलेला असतो, म्हणून तिच्या नमुन्यात शिक्के नसलेल्यांचा जो टक्का येतो तो दुप्पट करून वाचायचा. ४५ टक्के आले म्हणून वाढवलेल्या पेशी फेकल्या, तर त्या ९० टक्के शुद्ध होत्या.