आमची वाटचाल: पंचेचाळीस फर्म्यांची शिवण

आमचं दुकान ठाण्यात, वागळे इस्टेटीच्या बाजूला. काम पुस्तकबांधणीचं. सुरुवात बिलबुकं, हिशेबाच्या वह्या आणि कॉलेजच्या प्रबंधांवर झाली. गम बाइंडिंगच्या, म्हणजे पानं न शिवता डिंकानं चिकटवणाऱ्या, मशिनी आल्या आणि ते काम बरंचसं गेलं. उरलं ते मशीन करू शकत नाही असं: जुनी बायबलं, गायनपुस्तकं, चर्चच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्या.

पाचारण, म्हणजे देवानं दिलेलं काम, म्हटलं की आपल्या मंडळींत पाळक किंवा मिशनरी डोळ्यांपुढे येतो. प्रेषित पौल मात्र करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू करत होता. काम जिवेभावे करा, हे त्यानं कलस्सैकरांना लिहिलं तेही दासांना उद्देशून. आम्ही बांधणी त्याच अर्थानं धरली. धरणं सोपं असतं. खरी कसोटी कुठे लागते, ते पुस्तक उलगडूनच सांगावं लागेल.

१४४० पृष्ठांचं बायबल ३२ पृष्ठांच्या फर्म्यांत (घडी घालून शिवलेल्या जुड्यांत) बांधलेलं असेल तर ४५ फर्मे होतात. आधी कव्हर सोडवायचं. कण्यावरचा जुना सरस खरवडायचा नाही, घड्या फाटतात. त्यावर मैद्याच्या खळीचा जाड थर देऊन पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, सरस मऊ पडला की बोथट पट्टीनं काढायचा. मग प्रत्येक फर्मा मधोमध उघडून दोरे कापायचे. फाटलेल्या घडीला पातळ जपानी कागदाची पट्टी, पातळ खळीनं.

शिवताना दोरा घडीच्या दिशेनंच ओढायचा. सरळ बाहेर ओढला तर बायबलचा पातळ कागद भोकापासून चिरत जातो. दोऱ्याची जाडीही मोजून घ्यावी लागते. पाव मिलिमीटरचा दोरा ४५ फर्म्यांतून गेला की कणा सेंटिमीटरभर फुगतो आणि पुस्तक पाचरीसारखं दिसतं. उलट अगदी बारीक दोरा कागद कापतो.

आता कसोटी. दर दहा फर्म्यांनी आम्ही पृष्ठक्रम तपासतो, कारण नाहीतर चाळिसाव्या फर्म्याला कळतं की सोळावा उलटा शिवला गेलाय. मोह होतो तो तेवढाच फर्मा कापून, सुलटा करून डिंकानं चिकटवण्याचा. गिऱ्हाइकाला कळणार नाही. दोन-तीन वर्षांत मात्र तो फर्मा हातात येतो आणि शेजारच्यांनाही सैल करतो. म्हणून उसवायचं, सोळाव्यापर्यंत. या धंद्यातला विश्वासूपणा बहुतेक वेळा इतकाच असतो, आणि रोज नव्यानं कंटाळवाणा असतो.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात अनेक वर्षं घातली. छपाईचं कामही मिशनच्याच छापखान्यात झालं. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. असं पुस्तक समोर आलं की डिंकाच्या बाटलीकडे हात जात नाही.

खळीबद्दल थोडं. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. कसर लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. साध्या वह्यांना ती चालते, जुन्या कागदाला नाही, कारण मोरचुदातल्या तांब्यामुळे कागद लवकर काळवंडतो आणि ठिसूळ होतो. त्याऐवजी एका दिवसापुरतीच खळ करायची. ठाण्याच्या पावसाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबतेच. खळ लावलेलं पंख्याखाली वाळवलं की पुठ्ठा वाकतो. टीपकागदाच्या घड्यांत, वजनाखाली, दिवसभर ठेवायचं. जुलैत दोन दिवस, मधून टीपकागद बदलत. पुठ्ठ्याच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी. दोन्हीकडून वाकवून पाहायचं, ज्या बाजूनं सहज वाकेल, त्या वाकण्याच्या रेषेला समांतर तंतूंची दिशा. हे चुकलं तर वजनाचाही उपयोग नाही.

नोंदवह्यांची गोष्ट वेगळी. जुनी शाई ओलाव्यानं पसरते, म्हणून आधी कोपऱ्यातल्या एका टिंबावर ओला कापूस टेकवून पाहतो. लॅमिनेशन आम्ही करत नाही, मागितलं तरी. ते पुन्हा काढता येत नाही आणि आतला कागद जळाल्यासारखा होतो. काही कामं यामुळे परत जातात. रविवारी बंद ठेवल्यानंही काही जातात, विशेषतः डिसेंबरात.

पुस्तक आणण्याआधी कृपया सेलोटेप लावू नका. तिचा गोंद कागदात मुरला की पिवळा डाग कायमचा. सुटी पानं आहेत त्याच क्रमानं, जुन्या सुती कापडात गुंडाळून आणा. नाताळसाठी गायनपुस्तकं हवी असतील तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच द्या.