एकच इलेक्ट्रॉन, मग उरलंय काय?

प्रोटॉन हायड्रोजनच्या अणूवर, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन यांच्या जोडीवर, आदळला की इलेक्ट्रॉन कुणाकडे जातो, हा माझा विषय. त्यात अजून उरलंय काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली मी विषयच बदलते. "दोन प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. हे कधीच सुटलं असेल ना?" घरच्यांनी विचारलं तर राग येत नाही. फिजिक्सवाल्यांनी विचारलं की येतो.

प्रोटॉन हळू आला तर इलेक्ट्रॉन दोघांमध्ये ये-जा करतो. भरधाव आला तर त्याच्याबरोबर जाणं इलेक्ट्रॉनला क्वचितच जमतं. खरी कटकट मधे. २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपास प्रोटॉनचा वेग अणूतल्या इलेक्ट्रॉनइतकाच असतो. तिथे इलेक्ट्रॉन पकडला जाणं, सुटून जाणं, वरच्या पातळीत चढणं सगळं एकदमच चालू असतं आणि एकाला वगळून दुसऱ्याचा हिशेब लागत नाही.

संशोधनासाठी पैसे मागायला गेले त्या मुलाखतीत समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "इलेक्ट्रॉन किती वेळा पकडला जातो याचं जॅक्सन आणि शिफ या भौतिकशास्त्रज्ञांचं १९५३ चं गणित प्रयोगाशी जुळतं. तुम्ही वेगळं काय करणार?" मी फळ्याशी गेले. १९२८ मध्ये ओपेनहायमरनं आणि १९३० मध्ये ब्रिंकमन-क्रेमर्सनी हाच हिशेब करताना दोन प्रोटॉनमधलं प्रतिकर्षण सोडून दिलं होतं. कारण पटण्यासारखं: प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, त्यांनी एकमेकांना ढकललं म्हणून इलेक्ट्रॉन कुणाकडे जाणार हे बदलायला नको. उत्तर मात्र मोजमापापेक्षा कितीतरी मोठं आलं. जॅक्सन-शिफनी ते प्रतिकर्षण परत आत घेतलं, आणि जुळलं! म्हणजे ज्याचा एकूण उत्तराशी संबंध नसावा त्यानंच उत्तर सुधारलं. वर ती मोजमापं हायड्रोजनच्या रेणूंवरची, दोननं भागलेली. रेणू म्हणजे दोन सुटे अणू थोडेच? मी विचारलं, "सर, हे जुळणं तुम्हाला पटतं?"

"जुळतंय ना? मग झालं."

त्यांच्या शेजारी बसलेल्या सदस्यांनी उपयोग विचारला. मी सांगितलं: फ्यूजन यंत्रातल्या (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवायच्या यंत्रातल्या) प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, हायड्रोजनच्या अणूंचा झोत सोडतात, सगळे इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन त्या अणूंकडून एक इलेक्ट्रॉन उचलतो आणि ५२९ नॅनोमीटरचा प्रकाश देतो, त्या रेषेच्या रुंदीवरून तापमान कळतं. लगेच त्यांचं पेन चालू झालं. पैसे मिळाले.

त्या दिवशीच्या मला मी अजून छळते. कार्बनचं सगळं खरं गं, पण तू त्यासाठी गेली होतीस का? ती म्हणते, नुसत्या प्रतिकर्षणावर कुणी छदाम दिला असता? बरोबर आहे तिचं. पण त्या सरांना मी धड उत्तर दिलंच नाही असंही वाटत राहतं. निदान एवढं तरी म्हणायला हवं होतं की वेग खूप वाढवला की गणितातल्या पहिल्या क्रमाच्या पदापेक्षा (एकाच धडकेच्या हिशेबापेक्षा) दुसरंच पद (दोन धडकांचं) मोठं ठरतं. इलेक्ट्रॉन दोनदा धडकून मगच बरोबर निघतो, जसं एल. एच. थॉमस या भौतिकशास्त्रज्ञानं १९२७ मध्येच साध्या बिलियर्डच्या हिशेबानं मांडलं होतं. पहिल्या क्रमाचं गणित जुळलं म्हणून निश्चिंत व्हायची ही जागाच नाही.

की हे सांगूनही ते "मग झालं"च म्हणाले असते? पुढच्या अर्जात पहिल्या परिच्छेदात बहुधा कार्बनच असेल. प्रतिकर्षण कुठे घालायचं, अजून ठरत नाहीये.