इस्तंबूलचं केशर आणि बार्शीची करडई

ब्रशचा किस्सा आधी सांगून टाकते, कारण त्यात मूर्ख मीच ठरले. गलाता पुलावरून मी, आई आणि बाबा चाललो होतो, कठड्याला गळ लावून उभे राहिलेले मासेवाले बघत बघत (दिवसभर उभे असतात तिथे, यांना नोकऱ्या नाहीत का असं बाबांचं तीनदा विचारून झालं). पुढे एक बूटपॉलिशवाला चालला होता, त्याच्या पेटीतून ब्रश पडला आणि त्याचं लक्षच नाही. मी धावत जाऊन दिला. तो इतका भारावला, छातीवर हात काय, देवाचं नाव काय, म्हणे थांबा, तुमचे बूट चमकवून देतो, फुकट. बाबांच्या पायात कापडी स्पोर्ट्स शूज. तेही घासले त्याने! घासता घासता मुलगा दवाखान्यात आहे वगैरे झालं आणि शेवटी फुकटचे 300 लिरा. वाद घालून 100 वर आणलं. रात्री हॉटेलवर नेटवर बघितलं तर ब्रश पाडणं ही इथली जुनी पेटंट युक्ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सुलतानअहमत, म्हणजे जुन्या शहराचा भाग. ब्लू मॉस्कच्या दारात एक सुटाबुटातला माणूस, "इंडिया? शाहरुख खान!" आणि मग म्हणाला की आता नमाजची वेळ आहे, मशीद अर्धा तास बंद. ही लबाडी नव्हती बरं का, नमाजच्या वेळी पर्यटकांना खरंच आत सोडत नाहीत, आणि एवढं एक वाक्य खरं निघालं म्हणून आपण पुढची दहा ऐकतो. तोवर चला, जवळच चुलतभावाचं दुकान आहे, चहा घ्या.

दुकान अर्थातच गालिच्यांचं. ट्यूलिपच्या आकाराच्या काचेच्या ग्लासात सफरचंदाचा चहा आला, जो हे लोक फक्त टुरिस्टला पाजतात, स्वतः पितात कोरा काळा. मग दोन पोरं एकावर एक गालिचे उलगडायला लागली. टर्की गाठ दुहेरी असते म्हणून पक्की, हा हेरेके गावचा रेशमी, हा किलीम म्हणजे गाठी न मारता विणलेला, अनवाणी चालून बघा. खरंच सुंदर होते हो. मी खुणावतेय की उठा, आणि बाबा हळूच मला म्हणतात, "चहा प्यायलोय गं, आता असं कसं उठायचं? आणि ती पोरं हे सगळं परत गुंडाळणार." तो चहा कशासाठी असतो ते मला तिथे कळलं. आपण आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही ना, मग पाजलेल्याला नाही कसं म्हणणार? दीड तास, तीन ग्लास, आणि एक किलीमचा उशीचा अभ्रा घेऊन सुटलो. किंमत सांगत नाही, आईला अजून खरी माहीत नाही.

पण आईची पाळी मसाल्याच्या बाजारात आली. मसर चार्शी, एमिनोन्यूला, सतराव्या शतकातला. तिथे पोत्यांतून ढिगाने केशरी-लाल काहीतरी आणि वर पाटी, 'टर्किश केशर'. दुकानदार म्हणाला खास तुमच्यासाठी स्वस्त, काश्मीरपेक्षा भारी. मी तर पर्स उघडली होती. आईने चिमूटभर उचललं, वास घेतला, बोटांवर चुरलं आणि मला म्हणाली, "अगं ही करडई आहे."

आईचं माहेर बार्शीकडचं. ज्वारीच्या रानाला कडेने करडई लावतात तिकडे, काटेरी असते म्हणून जनावर आत शिरत नाही, लहानपणी हिचे पाय ओरबाडलेत त्याने. त्याच फुलाच्या सुकवलेल्या पाकळ्या. केशराचा धागा शेंड्याला तुतारीसारखा पसरतो, ही नुसती चुरगळलेली पाकळी, आणि वास म्हणजे सुक्या गवताचा. आईने त्याच्याकडे पाणी मागितलं. टाकल्या टाकल्या सगळा पिवळा रंग सुटला. खरं केशर सावकाश रंग सोडतं आणि काडी लालच राहते. मग आईने त्याला मराठीतच, हाताने खुणा करत सांगितलं की आम्ही याच्या बियांचं तेल काढतो, आणि मी भाषांतर करायच्या आधीच तो हसायला लागला.

काउंटरखालून छोटी डबी काढली त्याने, इराणचं, ग्रॅमवर. ते खरं होतं, आईने वास घेऊन मान डोलावली, डबी परत दिली आणि म्हणाली, श्रीखंडापुरतं घरी आहे अजून. त्याने लोकुमचा, म्हणजे तिथल्या मऊ मिठाईचा, तुकडा पुढे केला, तो खाल्ला. दुसरा मागून घेतला. चहा विचारल्यावर मात्र नको म्हणाली.