आमची वाटचाल : डार्करूमची माणसे आणि फोटोशॉपची जाड पुस्तके

गोवा घटक राज्य झाले त्या १९८७ साली डिचोलीच्या बाजारात आमचा स्टुडिओ सुरू झाला, आणि तेव्हापासून पासपोर्ट फोटोपासून शिरगावच्या जत्रेपर्यंत या तालुक्यातले जे काही कॅमेऱ्यासमोर आले, त्यातला बराच भाग आमच्या हातून गेला आहे. पहिल्या पंचवीस वर्षांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. लग्ने होत होती, फोटो निघत होते, घरखर्च भागत होता. सांगण्यासारखे आहे ते २०१२ च्या पावसाळ्यानंतरचे. त्या काळात बाजारात आमच्याविषयी जे बोलले गेले त्याला आम्ही कामातून उत्तर दिले, पण लेखी उत्तर कधी दिले नाही. ते या निमित्ताने देत आहे.

प्रथम माझ्या भागीदारांविषयी लिहायला हवे. सगळी डिचोली त्यांना दादा म्हणते. कॅमेरा मी सांभाळायचो आणि डार्करूम त्यांची, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून पाडणारे यंत्र, त्याच्याखाली ब्रोमाइड कागद ठेवला की त्यांचे दोन्ही हात प्रकाशात फिरू लागत. तारेच्या टोकाला चिकटवलेल्या काळ्या पुठ्ठ्याच्या चकतीने नवरीच्या डोळ्यांखालची सावली उजळायची, म्हणजे डॉज करायची, आणि मुठीच्या फटीतून प्रकाश सोडून मंडपाचा पांढरा कोपरा गडद करायचा, म्हणजे बर्न करायचा, हे ते घड्याळाकडे न बघता मनातल्या मनात आकडे मोजत करीत. टचिंगचे काम त्याहून नाजूक असे. दुधी काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून, सँडपेपरवर सुईसारखे टोक काढलेल्या कठीण शिशाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरची सुरकुती भरायची. निगेटिव्हमध्ये जिथे घनता कमी तिथे शिसे चढवले की प्रिंटमध्ये ती रेघ फिकट होते. जास्त शिसे चढले तर गालावर पांढरा ओरखडा उमटतो, आणि तो मग प्रिंटवर बारीक ब्रशने रंग लावून बुजवावा लागतो. दादांच्या हातून असा ओरखडा उमटलेला माझ्या पाहण्यात नाही. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या कपाटात बल्ब पेटता ठेवणे, लेन्सला बुरशी धरू न देणे ही कामेही त्यांच्याकडेच असत.

डिजिटल कॅमेरे आले तेव्हा इतर सर्व स्टुडिओंप्रमाणे आम्हीही एक ऑपरेटर ठेवला. फोटो आम्ही काढायचे आणि कलर करेक्शन, टचिंग, करिझ्मा अल्बमचे, म्हणजे पाने संगणकावर जुळवून छापलेल्या लग्नाच्या अल्बमचे, डिझायनिंग त्याने करायचे. ही व्यवस्था गोव्यातच काय, सगळीकडेच होती, आणि चांगली चालली होती.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला खाणकाम थांबवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. खाणपट्ट्यात ज्यांचा धंदा नाही त्यांना याचा अर्थ एकदम कळणार नाही. आमची निम्म्याहून अधिक मोठी लग्ने ट्रकवाल्यांच्या, बार्जवाल्यांच्या आणि खाणीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरची असत. रस्त्याकडेला ट्रक रांगेने उभे राहिले, बँकेचे हप्ते थकले, आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या हंगामातली ज्यांची तारीख आधी ठरली होती तेवढीच लग्ने आमच्याकडे उरली. बारा बाय छत्तीसचा अल्बम मागणारा माणूस साध्या प्रिंटवर आला. ज्यांच्याकडून आगाऊ रक्कम घेतली होती त्यांचे अल्बम मात्र वेळेवर देणे भागच होते.

नेमक्या त्याच वेळी आमच्या ऑपरेटरला समोरच्या नव्या स्टुडिओने जास्त पगार देऊन नेले. पगारासाठी माणूस जातो, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण जाताना हार्ड डिस्कही गेली. तिच्यात आमच्या अल्बमांच्या लेयर्स (एकावर एक ठेवलेले, वेगवेगळे बदलता येणारे थर) असलेल्या मूळ फाइली होत्या. आमच्याकडे राहिल्या त्या कॅमेऱ्यातल्या रॉ, म्हणजे काहीही प्रक्रिया न केलेल्या, फाइली आणि लेयर्स एकत्र करून टाकलेल्या काही जेपेग. डिस्कविषयी विचारायला गेलो तेव्हा समोरच्या मालकाने चहा दिला आणि तसे काही आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगितले. पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या तोंडून कळले की हाच गृहस्थ दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगतो, ‘समोर दोन म्हातारे आहेत, त्यांना माउस धरता येत नाही, तुमचा अल्बम पुढच्या वर्षी मिळेल.’ मी तेव्हा पंचावन्नच्या आत होतो. दादा माझ्याहून मोठे. त्यांना हे ऐकवायचे नाही असे मी ठरवले होते, पण डिचोलीत अशी गोष्ट लपत नाही.

नवा ऑपरेटर मिळेना आणि मिळाला असता तरी परवडला नसता. मग आम्ही दोघांनी पुस्तके उघडली. पणजीहून आणलेली फोटोशॉपची दोन जाड इंग्रजी पुस्तके, प्रोग्रामबरोबर येणारी मार्गदर्शिका आणि कोणीतरी दिलेल्या छापील धड्यांचा गठ्ठा, एवढी आमची सामग्री होती. दादांचे शिक्षण मराठी शाळेतले, त्यामुळे मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे आणि त्यांनी मशीनवर करायचे, असे ठरले.

पहिली अडचण अशी आली की पुस्तक आणि पडदा जुळेनात. पुस्तक म्हणे, ‘रिकव्हरी’ वाढवा आणि ‘फिल लाइट’ द्या. आमच्याकडे फोटोशॉपचे नवे सीएस ६ होते आणि त्याच्या कॅमेरा रॉमध्ये (रॉ फाइल उघडून सुधारायच्या भागात) या नावाचे काहीच नव्हते, कारण २०१२ च्या आवृत्तीत ते स्लायडर काढून त्यांच्या जागी हायलाइट्स, शॅडोज, व्हाइट्स आणि ब्लॅक्स अशी नवी मांडणी आली होती. ज्याला त्या स्लायडरचे काम ठाऊक नाही तो इथेच पुस्तक मिटून ठेवील. दादांनी विचारले, ‘रिकव्हरी म्हणजे करते काय?’ मी वाचून सांगितले की फार उजळलेल्या भागात उरलेला तपशील परत आणते. ‘म्हणजे आकाश बर्न करायचे. मग नाव काही असो, उजळ भागाचा स्लायडर खाली ओढून बघ.’ तेच बरोबर होते. तिथून पुढे आमच्या शिकण्याची रीत ठरून गेली : पुस्तकातले नाव बाजूला ठेवायचे आणि डार्करूममध्ये त्याच परिणामासाठी काय करीत होतो ते आठवायचे.

अनशार्प मास्कचे उदाहरण घेतो. मार्गदर्शिकेत फोटो ‘शार्प’ करण्यासाठी ‘अनशार्प’ नावाची आज्ञा का, याचा खुलासा नव्हता, आणि नवी मुले ते नाव पाठ करून मोकळी होतात. दादांना खुलासा लागला नाही. निगेटिव्हवरून मुद्दाम किंचित अस्पष्ट अशी फिकी पॉझिटिव्ह काढायची आणि दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट मारायची, म्हणजे मोठ्या भागांचा कॉन्ट्रास्ट दबतो आणि कडा उठून दिसतात, ही जुनी क्रिया त्यांना माहीत होती. त्यामुळे अमाउंट, रेडियस आणि थ्रेशहोल्ड या तीन आकड्यांपैकी रेडियस म्हणजे त्या पॉझिटिव्हची अस्पष्टता, हे त्यांनी मला सांगितले. पुस्तकाने सांगितले नाही.

आकड्यांविषयी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुस्तकावरून शिकणारे अनुभवी फोटोग्राफर सर्वांत जास्त इथे फसतात. धड्यातले चित्र बाराशे पिक्सेल रुंद असते आणि त्यासाठी लेखक रेडियस चार देतो. तुमची फाइल सहा हजार पिक्सेल रुंद असेल तर चारने काहीच दिसणार नाही. तिथे वीसच्या आसपास जावे लागेल. खतखत्यात तिरफळे किती, हे पातेले पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, तसेच हे आहे. धडा वाचताना आधी उदाहरणाच्या चित्राची रुंदी आणि प्रोग्रामची आवृत्ती पाहावी, मग आकडे वाचावेत.

चेहऱ्याच्या टचिंगसाठी फ्रीक्वेन्सी सेपरेशनची पद्धत आम्ही अशीच आत्मसात केली. फोटोच्या दोन प्रती करायच्या. खालची धूसर करून तिच्यात रंग आणि उजेड-सावली ठेवायची, आणि वरच्या प्रतीतून ती धूसर प्रत वजा करून तिच्यात फक्त त्वचेचा पोत ठेवायचा. आठ बिटच्या (प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असलेल्या) फाइलला ‘अप्लाय इमेज’मध्ये सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८ आणि लेयरला लिनियर लाइट मोड, एवढे प्रत्येक धड्यात असते. पण १२८ का, ते सहसा नसते. वजाबाकीत फरक उणेही येतो, म्हणून तो निम्मा करून मधल्या राखाडीवर बसवायचा आणि लिनियर लाइटने पुन्हा दुप्पट करून मिळवायचा, असा तो हिशेब आहे. हे कळले की सोळा बिटच्या फाइलला अ‍ॅड, इन्व्हर्ट, स्केल २, ऑफसेट ० हे वेगळे आकडे का लागतात तेही पाठ करावे लागत नाही. शिवाय आम्ही ग्राफिक टॅब्लेट घेतला. दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते हे दादांनी पाहिले आणि पन्नास टक्के राखाडी लेयर सॉफ्ट लाइटवर ठेवून डॉज-बर्न करायला ते असे बसले, की मला त्यांच्याजवळ उभे राहायचे कारण उरले नाही. माउस धरता येत नाही हे खरेच होते. माउस लागलाच नाही.

राहिलेले सगळे अल्बम आम्ही दिले. काहींना उशीर झाला, पण एकही परत आला नाही.

त्या वर्षी ज्यांनी आम्हांला तारले ते एक मास्तर, आज निवृत्त आहेत. गावच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी संगीत नाटक बसवणारे, आणि त्या नाटकाचे फोटो पहिल्यापासून आमच्याकडूनच काढून घेणारे. पैशांची चणचण त्यांनाही होती, तरी ते समोरच्या दुकानात गेले नाहीत. उलट वडिलांचा जुना फोटो दुरुस्तीला घेऊन आमच्याकडेच आले. फोटोवर ओलीचा पिवळा-तपकिरी डाग कपाळापासून खांद्यापर्यंत उतरलेला होता आणि कडांना चंदेरी झाक आली होती. समोरच्यांनी असाच एका घरचा फोटो ‘साफ’ करून दिला होता, त्यात आजोबांचा चेहरा पुसून गुळगुळीत केलेला मी स्वतः पाहिला आहे. आमच्या पुस्तकातही क्लोन स्टँप आणि हीलिंग ब्रशचीच प्रकरणे होती. दादांनी ब्रशला हात लावला नाही. ते म्हणाले, ‘पिवळा डाग असलेली प्रिंट कॉपी करताना आपण लेन्सवर पिवळा फिल्टर लावायचो, डागाचा जो रंग तोच फिल्टर, म्हणजे डाग कागदात मिसळून जातो. यात फिल्टर कुठे आहे?’ फिल्टर शोधायचे कारणच नव्हते. चंदेरी झाक चमकू नये म्हणून दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून आम्ही प्रिंटची रंगीत कॉपी काढली आणि तिचे लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल एकेक करून पाहिले. निळ्या चॅनलमध्ये डाग काळाकुट्ट, हिरव्यात फिका, आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा झालेला. खाली मास्तरांच्या वडिलांच्या टोपीची शिवण जशीच्या तशी. लाल चॅनलवरून कृष्णधवल प्रत केली आणि ब्रश लागला तो फक्त चिरा बुजवायला. मास्तरांनी त्या प्रिंटचे ठरल्याहून जास्त पैसे दिले आणि नाटकमंडळींत असे काही सांगितले, की जुने फोटो दुरुस्तीला आणणाऱ्यांची रीघ लागली. खाणी बंद असलेला तो काळ आम्ही लग्नांवर नव्हे, लोकांच्या भिंतींवरच्या आजोबा-आजींवर काढला.

त्वचेच्या रंगाविषयी मात्र पुस्तकांवर विसंबू नये. बहुतेक मार्गदर्शिकांतली उदाहरणे गोऱ्या परदेशी चेहऱ्यांची असतात आणि त्यांचे आकडे आमच्या हळद लागलेल्या नवरीला लावले की ती आजारी दिसते. छपाईच्या शाईंच्या हिशेबात, आपल्याकडच्या त्वचेत पिवळा रंग किरमिजीहून (मॅजेंटा) ठळकपणे जास्त ठेवावा लागतो आणि आकाशी (सायन) अगदी कमी करून चालत नाही. समोरच्या अल्बमांत नवऱ्या इतक्या पांढऱ्या केलेल्या असतात की नाकाची कड शोधावी लागते. पहिल्या वर्षी लोकांना ते आवडले, नंतर त्याच नवऱ्यांच्या आया आमच्याकडे ‘आमची मुलगी आमच्या मुलीसारखी दिसू दे’ म्हणत आल्या. हे मी आनंदाने लिहीत आहे, हे लपवत नाही.

शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतले पहाटेचे होमखण, म्हणजे पेटवलेला मोठा होम, हे आमच्या दृष्टीने अजूनही कठीणातले कठीण काम आहे. निखाऱ्यांवरून जाणारे धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) थांबत नाहीत, त्यामुळे एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजर घेता येत नाही. आम्ही ज्वाळेचा तपशील सांभाळून एकच फ्रेम रॉमध्ये घेतो, तिचे दोन वेळा डेव्हलपिंग करतो, एक ज्वाळेसाठी आणि एक अंधारातल्या चेहऱ्यांसाठी, आणि ल्युमिनॉसिटी मास्कने (उजेडाच्या प्रमाणात भाग निवडणाऱ्या मास्कने) दोन्ही जोडतो. सावल्या फार उचलल्या तर नॉइज (रंगीत दाणे) येतो, म्हणून अंधार थोडा अंधारच राहू द्यावा. ज्यांना चेहरा दुपारसारखा उजळ हवा असेल त्यांनी दुपारचा फोटो काढावा.

शिकलेली प्रत्येक गोष्ट मी एका जाड वहीत मराठीत लिहीत गेलो : डावीकडे डार्करूममधली क्रिया, उजवीकडे फोटोशॉपमधली, आणि खाली आवृत्ती. २०१३ मध्ये प्रोग्राम वर्गणीवर गेला, पुढे आपोआप चेहरा आणि आकाश निवडणारे मास्क आले, २०२३ मध्ये नसलेला भागही भरून देणारे जनरेटिव्ह फिल आले. उजवी बाजू खोडत, चिकटवत गेलो, डावी तशीच आहे. जनरेटिव्ह फिल आम्ही फाटलेल्या पार्श्वभूमीपुरते वापरतो. चेहऱ्याचा गेलेला भाग भरून देत नाही, कारण तो माणूस मग त्या घरातला राहत नाही. एवढ्यावरून काही गिऱ्हाइके परत गेली आहेत आणि ती कुठे गेली तेही आम्हांला ठाऊक आहे.

या पावसाळ्यापासून लग्नांचा हंगाम संपल्यावर दर रविवारी सकाळी दादा आणि मी या वहीवरून शिकवणार आहोत. जुने, फिल्मवर काम केलेले फोटोग्राफर आले तर अधिक आनंद होईल. त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यातली रॉ फाइल आणावी, तयार जेपेग आणू नये. समोरच्या दुकानातल्या मंडळींनाही मज्जाव नाही, फक्त त्यांनी येताना आणि जाताना हार्ड डिस्क दाखवावी.